दोन मशिनं घ्यावीत का? (परदेशी गिऱ्हाईक आणि आपला गाळा)

टर्निंगवाला (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:२०

भोसरीत आमचा गाळा आहे. वडिलांनी १९८९ला दोन लेथवर सुरू केला. आज तीन सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), एक म्हातारी व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) आणि चौदा माणसं आहेत. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका परदेशी कंपनीचं चाकणचं युनिट. नाव घेत नाही. ते गाडी कंपन्यांना स्टीअरिंगची जोडणी पुरवतात, आम्ही त्यातली एक पिन करतो. महिन्याला चाळीस हजार नग. आमच्या उलाढालीतले साठ टक्के ह्या एका पिनवर.

परवा बोलावून सांगितलं, नवं मॉडेल येतंय, महिन्याला सव्वा लाख नग लागतील, तयारीला लागा. तयारी म्हणजे दोन नवी टर्निंग सेंटर आणि एक सेंटरलेस ग्राइंडर (पिन घासून मापात आणायचं मशीन). सत्तर लाखांच्या आसपास. बँक द्यायला तयार आहे, तीच भीती वाटते.

अटी अशा. तीन वर्षं दरवर्षी भाव तीन टक्क्यांनी उतरवायचा. सव्वा लाख हा 'अंदाज' आहे, बांधील नाही. पैसे नव्वद दिवसांनी. गेज (माप तपासायचं साधन) आणि फिक्स्चर (नग धरायची चौकट) आमच्या खर्चाने, पण मालकी त्यांची.

वडील म्हणतात, घेऊ नकोस. बायको म्हणते, नाही घेतलंस तर आहे तेही जाईल. दोघांचंही बरोबर वाटतं. ह्या परदेशी कंपन्यांनी आपल्यासारख्यांचं भलं केलं की वाट लावली, हे मला खरंच कळेनासं झालंय. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

खरा_स्वदेशी | रविवार, रात्री ११:४१

ईस्ट इंडिया कंपनीपण व्यापार करायलाच आली होती. आणखी काय सांगायचं? १९७७ला जॉर्ज फर्नांडिसांनी कोका कोलाला हाकललं तेव्हा आपलं थम्स अप उभं राहिलं. १९९३ला दार उघडलं आणि त्याच वर्षी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळं त्यांच्या घशात गेलं. एवढं उदाहरण पुरे नाही का?

वाळूजकर | सोमवार, सकाळी ७:०५

स्वदेशीभाऊ, शीतपेयाचं आणि पिनचं गणित एक नाही. तिथे थम्स अपवाल्या चौहानांचा स्वतःचा ब्रँड होता, म्हणून तो विकता तरी आला. आणि घशात गेलेलं थम्स अप मेलंही नाही. २०२१ला त्याची विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली, कोका कोलानेच जाहीर केलं होतं. फक्त गल्ला दुसऱ्याचा. टर्निंगवाल्यांकडे विकायला काय आहे? पिनचं ड्रॉइंग त्यांचं, गेज त्यांचं. ह्यांचं काय, तर मशीनवरचं कर्ज.

धागाकर्ते, माझं सविस्तर संध्याकाळी लिहितो. आत्ता फर्स्ट शिफ्ट.

जुनाट_तंत्रज्ञ | सोमवार, सकाळी १०:३०

मी निवृत्त माणूस, वेळच वेळ. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. ज्यांना घाई आहे त्यांनी खालचे प्रतिसाद वाचावेत.

माझी उमेदवारी किर्लोस्कर कमिन्समध्ये झाली, कोथरूडला. तेव्हा कोथरूड म्हणजे गावाबाहेर. १९६२ची ती कंपनी, अमेरिकन कमिन्स आणि आपले किर्लोस्कर असा जोडधंदा. त्याच दशकात चिंचवडला स्वीडनची एसकेएफ, दापोडीला सँडविक असा सगळा गोतावळा जमला. आम्ही तिथे काय शिकलो? मायक्रोमीटर कसा धरायचा हे आयटीआयमध्ये शिकलोच होतो. तिथे शिकलो ते हे, की मापात न बसलेला तुकडा साहेब आला तरी पुढे ढकलायचा नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्यांनी पुढे नोकरी सोडून गाळे टाकले. भोसरीच्या जुन्या ब्लॉकांत फिरलात तर अशा कुठल्यातरी कंपनीतून बाहेर पडलेला माणूस प्रत्येक गल्लीत भेटेल. हा परदेशी कंपन्यांचा खरा उपकार. तो कुठल्या करारात लिहिलेला नव्हता. माणूस दार उघडून बाहेर पडला आणि डोक्यात विद्या घेऊन गेला, एवढंच.

पण तेव्हा त्यांना यायचं तर भागीदार घेऊनच यावं लागायचं. १९७३च्या फेरा (परकीय चलन) कायद्याने तर परदेशी भांडवल बहुतेक ठिकाणी चाळीस टक्क्यांवर आणून ठेवलं. आयबीएम आणि कोका कोला त्यावरूनच गेल्या. भागीदारी म्हटली की काही ना काही शिकवावं लागतं. नव्वदनंतर ती गरज संपली. कमिन्सने १९९७ला किर्लोस्करांचा हिस्सा घेतला. सगळं सभ्यपणे झालं, पण पाटीवरचं एक नाव गेलं.

कायनेटिक होंडा आठवते का? बटण दाबलं की सुरू होणारी, बिनगिअरची. आमच्या सौ.नी त्याच गाडीवर अर्धं पुणं पालथं घातलं. फिरोदियांनी १९८४ला होंडाशी करार केला, कारखाना पिथमपूरला. १९९८ला होंडा बाहेर पडली, १९९९ला तिने इथे स्वतःची कंपनी काढली आणि २००१ला ॲक्टिव्हा आणली. बिनगिअरची स्कूटर भारतात खपते हे चौदा वर्षं कुणाच्या संगतीने कळलं? फिरोदियांनी २००८ला दुचाकीचा धंदा महिंद्रांना दिला.

आता उलटं पाहा. बजाजनेही त्याच सुमारास कावासाकीशी हात मिळवला होता. पण आकुर्डीत स्वतःची माणसं ड्रॉइंग बोर्डवर बसवून ठेवली, आणि २००१ला पल्सर आली ती त्यांची स्वतःची. दोघेही पुण्याचे, दोघांचेही भागीदार जपानी. मला ह्यात परदेशी-स्वदेशीपेक्षा एकच फरक दिसतो. शिकवणी चालू असताना घरी गृहपाठ कोणी केला आणि कोणी नाही.

(कायनेटिकवाल्यांना कमी लेखत नाही. इंजिन दुसऱ्याचं असताना गृहपाठ करायलाही दुसऱ्याचीच वही लागते, हे मान्य.)

टर्निंगवाले, तुमचे वडील सुरुवातीला काय करायचे?

टर्निंगवाला | सोमवार, दुपारी १:१५

काका, वडील विहिरीवरच्या पंपाचे फूट व्हॉल्व्ह करायचे. कास्टिंग बाहेरून आणायचं, मशिनिंग आणि जोडणी आमच्याकडे. सासवड, जेजुरी, बारामती असा माल जायचा, आमच्याच नावाने. १९९८च्या सुमाराला बंद केलं. गाडीच्या कामात पैसा नियमित होता आणि उधारीवर शेतकऱ्याकडे हेलपाटे मारायचा वैताग आला होता. प्लॅस्टिकचे व्हॉल्व्हही यायला लागले होते.

नीलमोहर | सोमवार, रात्री ९:५०

ह्या धाग्यावर शिव्या खाणार हे माहीत असून लिहितेय. मी टेबलाच्या पलीकडे बसते. एका परदेशी कंपनीच्या खरेदी विभागात अकरा वर्षं आहे. (टर्निंगवाले, तुमची नव्हे. स्टीअरिंगशी आमचा संबंध नाही.)

तुम्हाला वाटतं की भाव उतरवायला आम्हाला मजा येते. टार्गेट प्राइस आमच्याकडे वरून येते, आणि 'वरून' म्हणजे पुण्याच्या साहेबाकडून नव्हे, त्याच्याही वरून. त्याच पिनचं कोटेशन त्याच दिवशी थायलंडहून आणि तुर्कस्तानातून आलेलं असतं. माझ्यासमोर एक तक्ता असतो, त्यात तुम्ही एक ओळ असता. मी तुमच्या वडिलांना भेटलेली असते, त्यांच्या हातचा चहा प्यायलेली असते, पण तक्त्यात चहाला रकाना नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी किती गाळ्यांत पिवळ्या रंगाच्या पट्ट्या मारल्या जातात हे मला वासावरून कळतं. गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर कोरं करकरीत आणि गेज मात्र टेबलाच्या खणात वर्षभर पडलेलं. इन्स्पेक्शन रिपोर्टमधले तीस आकडे एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. हे पाहिलं की मग आम्हीही विश्वासाच्या गोष्टी बोलत नाही, दंडाच्या बोलतो. एका गाळ्याचं रिजेक्शन दहा लाख नगांत हजारांवर होतं, ते मी तीन वर्षांत पन्नासच्या आत आलेलं पाहिलंय. त्या मालकाने आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या, आज तो त्याच रिपोर्टच्या जोरावर जर्मनीला थेट माल पाठवतो. आमच्याकडून तो सगळ्यात कमी कमावतो आणि आम्हाला सोडतही नाही, कारण आमचं नाव त्याच्या माहितीपत्रकावर पहिलं आहे.

तेव्हा धागाकर्त्यांना प्रश्न: ह्या पिनमुळे तुम्हाला असं काय येऊ लागलंय, जे दुसऱ्या कुणाला विकता येईल?

खरा_स्वदेशी | सोमवार, रात्री १०:०२

बघा, 'तक्त्यात चहाला रकाना नाही'. ह्यातच सगळं आलं.

वाळूजकर | सोमवार, रात्री ११:३०

सकाळी अर्धवट सोडलं होतं.

आमच्याकडे (मी अजून औरंगाबाद म्हणतो, मुलगी छत्रपती संभाजीनगर म्हणून दुरुस्त करते) १९८५ला बजाज आली म्हणून वाळूज झालं. त्याआधी तिथे माळरान. बजाज काही परदेशी नाही, पण उदाहरण मुद्दाम देतोय. मोठा कारखाना आला आणि त्याच्याभोवती पुरवठादार उभे राहिले. एन्ड्युरन्स त्यातूनच उभी राहिली, व्हॅरॉकही. पुढे एन्ड्युरन्सने इटली-जर्मनीतले कारखाने विकत घेतले, व्हॅरॉकने २०१२ला अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा दिव्यांचा धंदा घेतला. मराठवाड्यातली कंपनी झाली की बहुराष्ट्रीय! आता ह्या दोन्ही कंपन्यांचं घराणं बजाजांच्या नात्यातलं, हेही तितकंच खरं. तुमच्या-माझ्यासारख्याला तो जिना मिळत नाही. आणि व्हॅरॉकने दहा वर्षांनी युरोप-अमेरिकेतले ते दिवे फ्रेंच कंपनीला विकूनही टाकले. तिकडचा धंदा सोपा नसतो.

मग २००१ला शेंद्र्याला स्कोडा आली. गावभर पेढे. पण गाडीचे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. पेटी उघडणाऱ्याला रोजगार मिळतो, खोटं नाही. पण पेटीतून आलेल्या गिअरबॉक्समुळे वाळूजच्या कुठल्या लेथला काम मिळालं ते मला दाखवा. हे सुटे भाग म्हणायचे की सुटी केलेली गाडी, ह्यावरून कस्टम्सने २०२४ला फोक्सवॅगन-स्कोडाच्या भारतीय कंपनीला १.४ अब्ज डॉलरच्या कराची नोटीस काढली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. बरोबर कोण ते कोर्ट बघेल. मुद्दा एवढाच की 'कारखाना आला' म्हटल्यावर लगेच पेढे वाटू नयेत. आत काय करतात ते आधी विचारावं.

अवांतर: २०१०ला आमच्या गावातल्या लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पेपरात आलं होतं. त्यातली एक माझ्या शेजाऱ्याकडे होती. सर्व्हिसिंगला पुण्याला न्यायची म्हणून तो लग्नाला इंडिका घेऊन यायचा.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ८:१०

वाळूजकरांनी नकळत माझा अर्धा तास घेतला. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून दोन गोष्टी, कंटाळा येणार नाही इतपत.

एटकिन आणि हॅरिसन ह्या दोघांनी व्हेनेझुएलातल्या हजारो कारखान्यांची १९७६ ते १९८९ची आकडेवारी तपासली. निष्कर्ष असा निघाला, की एखाद्या धंद्यात परदेशी भांडवल वाढलं की त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घसरते. कारण साधं आहे. गिऱ्हाईक पळवलं जातं, माल कमी निघतो, पण भाडं, वीज, पगार तेवढेच, मग प्रत्येक नग महाग पडतो. २००४ला यावोर्चिक ह्या बाईंनी लिथुआनियाचा अभ्यास छापला. तिथे उलटं दिसलं. परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्या देशी कारखान्यांची उत्पादकता वाढली होती. म्हणजे स्पर्धक असाल तर मार, पुरवठादार असाल तर शिकवणी.

पण त्यात एक बारीक गोष्ट होती, जुनाट काका खूश होतील. हा फायदा भागीदारीत चालणाऱ्या कंपन्यांमुळे दिसला. शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपन्यांमुळे तसा दिसला नाही. देशी भागीदार आपल्या ओळखीचे पुरवठादार धरून ठेवतो, एकटी आलेली कंपनी स्वतःचे जुने पुरवठादार मागून बोलावते. चाकणमध्ये फिरताना कोरियन, जर्मन, जपानी पाट्या वाचा. मोठ्या कंपनीच्या मागोमाग तिच्या देशातले छोटेही आलेत. तुमचा खरा स्पर्धक ते आहेत.

आपल्या सरकारनेही एक प्रयत्न केला होता. डिसेंबर १९९७चं धोरण होतं, की गाडी कंपन्यांनी तिसऱ्या वर्षापर्यंत निम्मे आणि पाचव्यापर्यंत सत्तर टक्के भाग इथले वापरायचे, तसा करार लिहून द्यायचा. अमेरिका आणि युरोपने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, डिसेंबर २००१ला निकाल भारताविरुद्ध गेला. त्याआधी मारुतीच्या काळात सुझुकीकडून हेच करून घेतलं होतं आणि गुडगावभोवतीचा पुरवठादारांचा पट्टा त्यातूनच उभा राहिला. एकाने शिडीवरून चढून गेल्यावर शिडी बेकायदा ठरली, असं मी वर्गात म्हणतो. मुलं हसतात. परीक्षेत मात्र लिहीत नाहीत.

पंचगंगेकाठी | मंगळवार, दुपारी २:४५

कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे आमची. खडूफळा सर, लिथुआनिया राहू द्या, आमच्या यार्डात या.

पोरानो, परदेशी गिऱ्हाइकाचं काम म्हणजे काय सांगतो. एका युरोपियन कंपनीनं पंपाच्या बॉडीचं काम दिलं. ॲल्युमिनियमचे पॅटर्न (साचा पाडायचे नमुने), त्यांच्या पैशाचे, त्यांचा शिक्का. दोन वर्षं झकास चाललं. पैसे वेळेवर, मी खोटं बोलत नाही, आमच्या काही देशी गिऱ्हाइकांपेक्षा वेळेवर. मग एक दिवस मेल आला, सोर्सिंग बदललं, धन्यवाद. पॅटर्न कधी नेता? उत्तर नाही. सात वर्षं झाली. शेडचा एक कोपरा त्या पॅटर्ननी अडवलाय. वितळवता येत नाहीत, मालकी त्यांची. टाकता येत नाहीत, करारात लिहिलंय सांभाळायचे. दर दिवाळीला त्यांच्यावरची धूळ झाडतो, हळदीकुंकू तेवढं वाहायचं ऱ्हायलंय.

त्यामुळं टर्निंगवाले भावा, फिक्स्चर तुमच्या पैशाचं आणि मालकी त्यांची, ही अट वाचून मला हसू आलं. आमचं निदान त्यांच्या पैशाचं होतं.

आणखी एक. कच्च्या मालाच्या भावाची अट बघ. स्क्रॅप आणि पिग आयर्न वर गेलं की भाव वाढवून मिळणार का, आणि किती महिन्यांनी? आमच्यात तीन महिन्यांनी मिळतो. ते तीन महिने फौंड्रीचं मीठ-भाकर खातात. तुझं स्टील कुणी घ्यायचं?

टर्निंगवाला | मंगळवार, रात्री ८:२०

स्टील त्यांनी ठरवलेल्या मिलचं, त्यांनी ठरवलेल्या भावाने, पण आम्ही रोखीने घ्यायचं. स्टीलचे पैसे आठवड्यात जातात, पिनचे नव्वद दिवसांनी येतात. मोठ्या कंपनीला आम्हीच बिनव्याजी कर्ज देतोय, असं आता लिहिताना लक्षात येतंय.

ताळेबंद | मंगळवार, रात्री १०:४०

बिनव्याजी देताय कारण मागत नाही. कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आहेत. लेखी करारात नव्वद लिहिले तरी पंचेचाळीसच. लेखी काहीच नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि २०२३-२४च्या आर्थिक वर्षापासून आयकरात कलम ४३ब (ह) आलंय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. खरेदीदाराला व्याजापेक्षा हे जास्त झोंबतं.

उद्यम नोंदणी (लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? ती नसेल तर वरचं सगळं विसरा. आणि १ एप्रिल २०२५पासून मर्यादा वाढल्यात. सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्री अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत, लघु म्हणजे पंचवीस आणि शंभर कोटी. चौदा माणसांच्या गाळ्याला ह्यातून बाहेर पडायची चिंता नको.

टर्निंगवाला | मंगळवार, रात्री ११:०५

नोंदणी आहे. पण कायदा दाखवला तर पुढच्या महिन्यात शेड्यूल (मागणीचा आकडा) शून्य येईल, त्याचं काय?

ताळेबंद | मंगळवार, रात्री ११:०९

त्याला कलम नाही.

स्टुटगार्टची_चिमणी | बुधवार, पहाटे २:३०

इथे अजून रात्रच आहे, म्हणून लिहितेय. मी जर्मनीत गाडीच्या भागांच्या डिझाइनमध्ये आहे, माहेर चिंचवड. बाबा एसकेएफमध्ये होते. काकांचा प्रतिसाद वाचून घरची जेवणाची शिट्टी ऐकू आली.

एक आतली गोष्ट सांगते. नव्या मॉडेलचा 'अंदाज' मांडताना प्रत्येक जण थोडं वर चढवतो. विक्रीवाले चढवतात, कारण नाहीतर प्रकल्प मंजूर होत नाही. खरेदीवाले चढवतात, कारण जास्त नगांवर भाव कमी मिळतो. तुमच्यापर्यंत सव्वा लाख पोचतात तेव्हा मूळ आकडा किती होता हे कुणालाच आठवत नाही. मी असते तर साठ टक्क्यांवर हिशोब करून पाहिला असता, आणि त्यातही मशीनचा हप्ता निघतो का ते बघितलं असतं.

दुसरं. इथले छोटे पुरवठादारही सुखात नाहीत बरं का. जे टिकलेत त्यांच्याकडे स्वतःची काहीतरी वस्तू आहे. माझ्या गावाजवळ चाळीस माणसांचा एक कारखाना मशीनमध्ये नग पकडायचे कोलेट करतो, दुसरं काही नाही. भाव तोच ठरवतो. आम्हीसुद्धा त्याच्याकडे वाट बघत बसतो.

नीलमोहर | बुधवार, सकाळी ९:१५

चिमणी, 'खरेदीवाले चढवतात' हे जाहीर लिहायची काय गरज होती? :) खरं आहे, पण.

जुनाट_तंत्रज्ञ | बुधवार, सकाळी १०:००

टर्निंगवाले, पिन इंजिनाला लागणारी असती तर मी सरळ नको म्हणालो असतो. विजेच्या गाडीत व्हॉल्व्ह गाइड नाही, पिस्टन पिन नाही. ते काम करणाऱ्या माझ्या दोन शिष्यांची झोप उडालीय. पण स्टीअरिंग तर कुठल्याही गाडीला लागणारच. तेव्हा भाग टिकेल. गिऱ्हाईक टिकेल का, एवढाच प्रश्न.

तळेगाव विसरू नका. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ला सुरू झाला, २०१७च्या अखेरीला त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं, मग निर्यातीवर रेटलं आणि डिसेंबर २०२०ला शेवटची गाडी निघाली. चिनी ग्रेट वॉल येणार होती, करार झाला, सीमेवर तणाव झाला, बारगळलं. २०२३ला ह्युंदाईने घेण्याचा करार केला. म्हणजे जागा, छप्पर, रंगकामाचं दालन सगळ्याला नवा धनी मिळाला. त्या कारखान्यासाठी म्हणून ज्यांनी टूलिंग केलं होतं त्यांना कोण मिळालं? नवी कंपनी नवी ड्रॉइंग घेऊन येते. जुन्या डाय भंगारात, किलोवर.

म्हणून सेंटरलेस ग्राइंडर आणि टर्निंग सेंटर घेणार असाल तर अशीच घ्या, की पिन गेली तरी दुसरं काम धरता येईल. त्यांच्या माणसाने खास कोष्टक लावून 'हेच मॉडेल घ्या' सांगितलं तर कान टवकारा.

खरा_स्वदेशी | बुधवार, दुपारी १२:२०

सगळे मिळून शेवटी त्याला घ्यायलाच सांगताय.

वाळूजकर | बुधवार, दुपारी १२:५०

स्वदेशीभाऊ, माझा सगळ्यात वाईट अनुभव एका शंभर टक्के देशी कंपनीचा आहे. पैसे दीडशे दिवसांनी. आणि मालक आमच्याच जातीचा, आमच्याच तालुक्याचा, दर भेटीत 'आपला माणूस' म्हणून पाठीवर हात ठेवायचा. तुम्ही तो हिशोब कुठल्या खात्यात धरणार?

खरा_स्वदेशी | बुधवार, दुपारी १:३०

मान्य. मी स्वतः एका जपानी कंपनीत आहे. पगार तिथलाच. म्हणूनच आतून माहितीय. २००९च्या डिसेंबरात सरकारने परदेशी मूळ कंपनीला द्यायच्या रॉयल्टीवरची मर्यादा काढली, त्याआधी देशातल्या विक्रीवर पाच टक्के आणि निर्यातीवर आठ होती. त्यानंतर आमच्या ताळेबंदात ती ओळ दरवर्षी फुगत गेली. पुरवठादाराचा भाव तीन टक्के उतरतो आणि वरच्या ओळीत रॉयल्टी चढते, हे रोज बघतो. राग त्याचा आहे, बाकी काही नाही.

खडूफळा | बुधवार, दुपारी ४:००

स्वदेशीभाऊ, हा तुमचा पहिला प्रतिसाद जो मी वर्गात वाचून दाखवेन.

टर्निंगवाला | शनिवार (दहा दिवसांनी), रात्री १०:१०

उशिरा लिहितोय, क्षमस्व. चाकणला दोन चकरा झाल्या.

चिमणीताईंच्या सांगण्यावरून पंचाहत्तर हजार नगांवर हिशोब केला. दोन मशिनांचा हप्ता निघत नव्हता, एकाचा निघत होता. म्हणून एक टर्निंग सेंटर घेतोय, ग्राइंडिंग बाहेरून करून घेणार. त्यांना म्हटलं, महिन्याला सत्तर हजार आम्ही देतो, उरलेले दुसऱ्याकडून घ्या. मला वाटलं होतं हाकलतील. खरेदीवाली बाई म्हणाली, बरंच झालं, आम्हाला नाहीतरी दुसरा सोर्स दाखवावाच लागतो. वीस वर्षं आम्ही एकटेच पुरवतोय ह्याचा अभिमान बाळगून होतो आणि त्यांच्या कागदावर तो धोका म्हणून लिहिलेला होता!

मिळालं ते असं. एका महिन्याचं शेड्यूल पक्कं, त्यातला माल उचलायचा किंवा पैसे द्यायचे. स्टीलचा भाव तिमाहीने बदलणार. फिक्स्चर त्यांच्या पैशाने. काम बंद झालं तर नव्वद दिवसांत घेऊन जायचं हेही लिहून घेतलं, पंचगंगेकाठी, हे वाक्य तुमच्या पॅटर्नच्या नावाने.

मिळालं नाही ते म्हणजे तीन टक्के. तो एक पैसाही हलला नाही. पैशांचे दिवस नव्वदवरून पंचेचाळीस झाले, कारण मी तोंड उघडायच्या आतच त्यांच्या हिशोब खात्याने आयकराचं ते कलम स्वतःहून काढलं. ताळेबंद, पार्टी तुम्हाला.

वडील अजून घुश्शात आहेत. कर्ज ते कर्जच म्हणतात. काल मात्र जुनाट काकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, तर माळ्यावर चढून गेले आणि फूट व्हॉल्व्हचं जुनं ड्रॉइंग काढून आणलं. ट्रेसिंग पेपरवर, हाताने काढलेलं, कोपऱ्यात त्यांची सही. नीलमोहर, तुम्ही विचारलं होतं ना काय विकता येईल म्हणून. मशिनिंगच्या मापात आम्ही आता तेव्हापेक्षा कितीतरी पुढे आहोत, पण तो कागद सोडला तर आमच्या नावाचं घरात दुसरं काही सापडलं नाही.

पंचगंगेकाठी | शनिवार, रात्री १०:३२

सगळं ऱ्हाऊ दे. फूट व्हॉल्व्हचा लाकडी पॅटर्न आहे का अजून?

टर्निंगवाला | शनिवार, रात्री १०:४०

आहे, अडीच इंचीचा. सागवानी. पण एका बाजूला वाळवी लागलीय.

पंचगंगेकाठी | शनिवार, रात्री १०:४४

आमचा सुतार करील दुरुस्त. आमच्याकडं ऊसवाले अजून बिडाचाच मागतात. फोटो टाक.

टर्निंगवाला | शनिवार, रात्री १०:५१

उद्या वडिलांना विचारून टाकतो.